गोळा करत फिरायचे साईड क्वेस्ट: मजा येते की नुसता वेळ जातो?

खानापूरचा एक पोरगा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, एकटाच बसून फँटसी आरपीजी, म्हणजे एक पात्र घेऊन गोष्टीत फिरायचा गेम, करालाय. त्याने मला विचारलं, "दादा, गेममध्ये आपल्या हलशीसारखं एक जुनं राजधानीचं गाव केलंय, भोवती जंगल, पडकी देवळं, आणि त्यात 60 सोन्याच्या मोहरा लपवल्यात. ऑप्शनल साईड क्वेस्ट हाय ते, मुख्य गोष्टीबाहेरचं काम, केलं तर केलं. सगळ्या गोळा केल्या की शेवटी एक तलवार मिळते. मित्रांना खेळायला दिला तर कोण पण 10-12 च्या पुढं गेला नाही. असले क्वेस्ट लोकांना खरंच आवडतात काय, की काढून टाकू?" दोन ओळींच्या मेसेजमध्ये सांगण्यासारखं हे नाही, म्हणून नीट बसून लिहितोय.

मी 13 वर्षं क्वेस्ट आणि लेव्हल डिझाईनचं काम करतोय, आधी पुण्यात, आता बेळगावात टिळकवाडीत घरूनच. ह्या 13 वर्षांत सगळ्यात जास्त वेळ मी लोकांच्या पाठीमागे उभा राहून ते कसं खेळतात ते बघण्यात घालवलाय, त्यामुळे जे सांगतोय ते जास्त करून त्यातनंच आलंय.

तर पहिलं, काढू नको. पण तुझी तलवार ही चुकीच्या जागी मेहनत आहे. 60 मोहरांमध्ये माणसाला मजा येणार की नाही हे तलवार ठरवत नाही, मोहर उचलल्यावर ती कुठे जाते आणि ती शोधताना त्याने काय बघितलं, ह्या दोन गोष्टी ठरवतात.

हे पटवायला मी तुला दिवाळीच्या किल्ल्याकडे नेतो, कारण आपल्या बेळगावात प्रत्येक पोरगं हा क्वेस्ट खेळलेलं असतंय. परीक्षा संपली की गल्लीतली पोरं लाल माती कुठनं मिळेल ते बघत फिरतात, कुणाच्या घराचं काम चालू आहे तिथनं विटांचे तुकडे, कुणाच्या दुकानातनं रिकामी पोती, कुणाच्या परसातनं दगड, मग मोहरी पेरायची म्हणजे हिरवळ येते, मग बाजारातनं दोन दोन करून मावळे, एखादी तोफ, आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. ह्यात कोणी पोराला सांगत नाही की 40 दगड आण म्हणजे तुला सायकल मिळेल. तरी ती पोरं आठ-आठ दिवस जेवायचं विसरतात, कारण आणलेला प्रत्येक दगड संध्याकाळी बुरुजात बसलेला दिसतो, आणि गल्लीतनं जाणारा माणूस थांबून बघतो. शिवाय दगड शोधता शोधता त्या पोराला आपली सगळी गल्ली पाठ होते, कुठल्या घरामागे काय पडलंय, कुठली आजी ओरडते, कुठले काका स्वतःहून देतात.

आता उलटं उदाहरण. आम्ही लहान असताना च्युइंगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची चित्रं यायची, सेट पूर्ण करायचा. माझं एक चित्र शेवटपर्यंत आलंच नाही, आणि आज मला त्या सगळ्या चित्रांमधलं फक्त ते न आलेलं एकच आठवतंय. गोळा करणं दोन्हीकडे तेच आहे. एकात पोरगं शहाणं होतं आणि काहीतरी उभं राहतं, दुसऱ्यात फक्त भोक भरायचं राहिलेलं असतं.

आता खऱ्या गेम्सवर येऊ. 2017 चा झेल्डा, ब्रेथ ऑफ द वाइल्ड, त्यात जागोजागी लपलेल्या कोरॉक नावाच्या छोट्या जिवांकडनं मिळणाऱ्या 900 बिया आहेत. आकडा ऐकून वेड लागेल, पण तुझी सगळी शस्त्रांची जागा वाढवायला 441 पुरतात, म्हणजे निम्म्याहून कमी. आणि सगळ्या 900 गोळा केल्या तर मिळतं काय, तर शेणाच्या आकाराची एक सोनेरी गोष्ट आणि बिया घेऊन जागा वाढवून देणारा तो हेस्टू तुझ्यासमोर पाहिजे तेव्हा नाचतो. लोकांना राग येतो ह्याचा, मला मात्र ते फार प्रामाणिक वाटतं. 900 बिया कोणी 900 गोळा कराव्यात म्हणून ठेवलेल्याच नाहीत असं माझं मत आहे, त्या ठेवल्यात कारण तू कुठल्याही दिशेने चालत गेलास तरी वाटेत "हा दगड असा एकटाच का पडलाय" असं वाटावं आणि उचलून बघितल्यावर खालून कोणीतरी निघावं. बी हे तुझ्या नजरेचं बक्षीस आहे. पहिल्या काही बिया लगेच कामाला येतात, पहिली जागा एका बीमध्ये मिळते, मग हळूहळू महाग होत जातं, म्हणजे जो थोडंच खेळणार त्याला पण मिळालं आणि जो खूप खेळणार त्याला पण काम राहिलं. तुझ्या तलवारीत हेच नाही. 59 मोहरांना शून्य आणि 60 व्या मोहरेला सगळं, मग 10 वर थांबलेला तुझा मित्र चुकला कुठे? त्याने बरोबर हिशोब केला की.

स्कायरिम, 2011, ह्यात दोन क्वेस्ट आहेत आणि ते शेजारी ठेवून बघितले की सगळा विषयच कळतो. एक, बॅरेन्झियाचे 24 खडे. नकाशावर खूण नाही, इशारा नाही, कुणाच्या झोपायच्या खोलीत, कुठल्या गुहेत, कुठे पण. इंटरनेटवरची यादी उघडल्याशिवाय हा क्वेस्ट पूर्ण केलेला माणूस मी तरी बघितलेला नाही. आणि यादी उघडली की तू शोधत नाहीस, तू पोस्टमन होतोस, पत्ता वाचायचा, जायचं, उचलायचं. शेवटी जे मिळतं त्याने पेट्यांमध्ये जास्त रत्नं सापडायला लागतात, पण 24 खडे होईपर्यंत तुझ्याकडे इतके पैसे झालेले असतात की रत्नांचं करायचं काय? बक्षीस वाईट नाही, उशीर झालाय त्याला. सुरुवातीच्या पाच तासांत ते मिळालं असतं तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं.

दुसरा, लाल निर्नरूट. ब्लॅकरीच म्हणून जमिनीखाली एक अफाट गुहा आहे, त्यात 30 झाडं गोळा करायची. हे झाड जवळ गेलं की गुणगुणतं आणि चमकतं. आता तू खानापूरचा आहेस, तुला मी सांगायला नको, पावसाळ्यात आळंबी कुठे उगवतात हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कसं ठाऊक असतं. कुठलं वारूळ, कुठली सावली, किती पाऊस झाल्यावर, हे त्याच्या अंगात असतं, आणि त्याच्यासोबत दोन वर्षं फिरलं की आपल्या पण नजरेत यायला लागतं. निर्नरूट नेमकं तेच करतं. पहिली तीन झाडं चुकून सापडतात, मग कान तयार होतो, मग अंधारात उभं राहून ऐकायला लागतोस, पाण्याच्या काठाने जावं म्हणतोस, आणि दहाव्या झाडापर्यंत तू त्या गुहेत राहणारा माणूस झालेला असतोस. आणि हे ज्याचं संशोधन होतं त्या सिंडेरियनची प्रयोगशाळा तिथेच आहे, तो स्वतः मेलेला पडलाय. 2006 च्या ऑब्लिव्हियनमध्ये हाच सिंडेरियन स्किनग्रॅडच्या खानावळीत बसलेला असतो आणि तुझ्याकडून साधी निर्नरूट गोळा करून घेतो, आधी 10, मग 20, मग 30, मग 40. ज्यांनी तो गेम खेळलाय त्यांना इथे कसं वाटलं असेल बघ. माझ्या तर घशाशी आलं होतं. शेवटी मिळतं ते काय, औषध बनवताना कधीकधी एकाच्या जागी दोन तयार होतात, बस्स. त्याबद्दल तक्रार करणारा मला कमी भेटलाय.

म्हणून तुझ्या मोहरांना आधी एक सवय दे. मोहर कुठल्या प्रकारच्या जागी असते हे प्रत्येक मोहरेत थोडंथोडं शिकवायला पाहिजे. समज, जिथे दगडावर अर्धवट पुसलेला सिंह कोरलेला आहे त्याच्या आसपास मोहर असते, पण हे लिहून सांगायचं नाही, पहिल्या तीन मोहरा अशा ठेवायच्या की सिंह दिसल्याशिवाय मोहर दिसूच नये. चौथ्याला पोरगं स्वतःहून सिंह शोधायला लागेल. तिथनं पुढे तू सिंह बदलू शकतोस, पाण्याखाली, आडवा पडलेला, भिंतीत उलटा बसवलेला, कारण कुणीतरी जुन्या देवळाचे दगड घर बांधायला वापरले. मग मोहरेसोबत त्या गावाचा इतिहास पण हातात यायला लागला. आणि एक, खूण आवाजाची असली तर सोबत दिसणारी पण पाहिजे. निर्नरूट गुणगुणतं तसं चमकतं पण, ज्याला ऐकू येत नाही किंवा जो बसमध्ये आवाज बंद करून खेळतोय तो त्यामुळे मागे पडत नाही.

दुसरी गोष्ट नशिबाची, म्हणजे रँडम ड्रॉपची, मारलेल्याकडनं वस्तू पडली तर पडली. तू अजून केलेलं नाहीस पण तुझ्या मेसेजमध्ये शेवटी लिहिलंयस की "काही मोहरा रानडुकरांकडनं पडतील असं करू काय", म्हणून आधीच सांगतो, करू नको. हिशोब बघ. डुकराकडे मोहर असायची शक्यता 10 टक्के ठेवलीस, तर 20 डुकरं मारून पण एकही मोहर न मिळणारा माणूस साधारण आठात एक असतो. हा माणूस नशीब वाईट म्हणत नाही, गेम बिघडलाय म्हणतो. आणि 24 वेगवेगळ्या वस्तू असतील, प्रत्येक वेळी त्यातली कुठली पण एक पडते, तर सगळ्या 24 पूर्ण व्हायला सरासरी 90 वेळा लागतात, त्यातली शेवटची एकटीच सरासरी 24 वेळा खाते. माझं ते क्रिकेटवाल्याचं चित्र ह्याच गणितात अडकलं होतं.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये स्ट्रँगलथॉर्नच्या जंगलात एका पुस्तकाची फाटलेली पानं गोळा करायचा क्वेस्ट होता. जंगलात जे काही माराल त्यातनं कुठलं तरी पान पडायचं, काही पानं दोनदोन तीनतीन यायची, पाहिजे ते यायचंच नाही, आणि प्रत्येक पान पिशवीत स्वतंत्र जागा अडवायचं, म्हणजे लढायला गेलेला माणूस कागद सांभाळत बसलाय. ज्याने हा क्वेस्ट केला होता त्या जेफ कॅपलनने 2009 मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सच्या भाषणात स्वतः उभं राहून सांगितलं की आमच्या गेममधला हा सगळ्यात वाईट क्वेस्ट आणि तो मीच केलाय. मी त्या भाषणाबद्दल वाचलं तेव्हा अजून कामाला लागलो नव्हतो, आणि तेव्हापासून क्वेस्ट लिहिताना पहिला प्रश्न हाच विचारतो, गोळा केलेली वस्तू खेळणाऱ्याच्या अंगावर ओझं होतेय का?

नुकसान दुसऱ्या बाजूने पण होतं. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्यांनी बालवाडीतल्या पोरांवर एक प्रयोग केला होता. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशा पोरांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर तुला सर्टिफिकेट मिळेल. काही दिवसांनी परत मोकळे सोडल्यावर ती पोरं बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना काही न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांच्यात फरक पडला नाही. हे मी गेमला लावतो ते असं, की सुरुवातीलाच स्क्रीनवर "0/60, बक्षीस: तलवार" लिहिलंस तर तू जंगल फिरायला निघालेल्या माणसाला मजुरीवर लावलंस. पहिल्या दोन-तीन मोहरा सापडेपर्यंत आकडाच दाखवू नको. त्याला आधी वाटू दे, हे काय आहे, अजून आहेत काय?

पण आकडा लपवूनच ठेव असं पण म्हणत नाही, मधल्या टप्प्यावर आकडा लई कामाचा असतो. 2006 मध्ये नून्स आणि ड्रेझ ह्यांनी गाड्या धुवायच्या सेंटरवर कार्डं वाटली होती, काहींना 8 शिक्के पाहिजेत असं कोरं कार्ड, काहींना 10 शिक्क्यांचं पण त्यातले 2 आधीच मारलेले. दोघांना 8 वेळाच यायचं होतं. कोरं कार्डवाल्यांतले 19 टक्के पूर्ण करून गेले, दुसऱ्यांतले 34 टक्के. म्हणून गावातली कुणी म्हातारी बाई पहिल्या मोहरेनंतर स्वतःच्या पदराच्या गाठीतल्या दोन मोहरा काढून देते असं काहीतरी कर, तिच्या नवऱ्याने आयुष्यभर शोधल्या आणि दोनच मिळाल्या. तिथे माणसाचं कार्ड सुरू पण झालं आणि त्याला कुणासाठी शोधायचं ते पण कळलं.

कुणासाठी, ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. 2014 च्या ड्रॅगन एज इन्क्विझिशनमध्ये हिंटरलँड्स म्हणून पहिलाच मोठा भाग आहे. तिथे निर्वासितांसाठी मेंढ्यांचं मांस आण, मग शार्ड म्हणजे विखुरलेले तुकडे गोळा कर, मग हे कर, ते कर. लोक तिथेच वीस-वीस तास अडकून राहायचे आणि कंटाळून गेम सोडायचे, गोष्ट पुढे चालू होती हे त्यांना कळलंच नाही. निर्वासितांना मांस दिलं तर खरं म्हणजे चांगली गोष्ट झाली, पण छावणीत त्यानंतर काय बदललं? एखादं पोरगं जेवताना दिसलं का, कुणी नाव घेऊन हाक मारली का? जवळजवळ काहीच नाही, म्हणून ते मांस नुसता आकडा राहिलं.

ह्याच्या समोर 2023 चा बाल्डर्स गेट 3 ठेव. त्यात कार्लाक म्हणून एक सोबतीण आहे, तिच्या छातीत नरकातलं इंजिन बसवलंय, त्यामुळे तिचं अंग इतकं तापलेलं असतं की कुणी तिला हात लावू शकत नाही. तू इन्फर्नल आयर्न, म्हणजे नरकातलं लोखंड, शोधून डॅमन नावाच्या लोहाराला द्यायचंस. पहिला तुकडा दिलास, थोडा फरक. पुढे परत दिलास, आणि ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी मिठी मारू शकते. मर्दा, दोन लोखंडाचे तुकडे! मोजायला गेलं तर हा "लोखंड आणून दे" असाच क्वेस्ट आहे, पण माझ्यासमोर बसून खेळणाऱ्या एका दांडग्या पोराचे डोळे भरलेले मी बघितलेत. 1995 च्या सुईकोडेनमध्ये तर वस्तूच नाहीत, 108 माणसं गोळा करायची. प्रत्येक माणूस आला की तुझा किल्ला थोडा भरतो, कुणी दुकान टाकतो, कुणी स्वयंपाक करतो. सगळी 108 वेळेत जमली तर गोष्टीतलं गेलेलं एक जिवाभावाचं माणूस परत येतं. दिवाळीच्या किल्ल्याला ह्याहून जवळचं मला दुसरं काही माहीत नाही. आणि स्टारड्यू व्हॅली, 2016, त्यात पडक्या सामाजिक भवनाच्या 6 खोल्या आहेत, पाहिजे ते पीक, मासे, फळं, एका खोलीसाठी पैसे आणून दिलेस की एकेक खोली डोळ्यासमोर दुरुस्त होते, आणि त्यातनं बंद पडलेली बस चालू होते, काचेचं हरितगृह मिळतं. गोळा केलेलं गायब होत नाही, तिथेच बसतं.

मी स्वतः पुण्यात असताना एका गेममध्ये 80 पिसं ठेवली होती. फार प्रेमाने ठेवली होती, प्रत्येकाची जागा वेगळी, एकेकाला अर्धा दिवस दिलेला. टेस्टिंगला बसलेली माणसं 20-25 पिसांपर्यंत आनंदात असायची, मग एकदम गळायची. मला वाटलं बक्षीस कमी पडतंय, म्हणून बक्षीस वाढवलं, काही फरक नाही. मग सगळी पिसं एका पक्ष्याच्या मूर्तीवर बसवायला दिली, सात टप्पे, प्रत्येक टप्प्यावर मूर्तीचा एक भाग भरतो आणि वरून वाऱ्याचा आवाज बदलतो. पिसं 80 ची 42 केली. त्यानंतर लोक मुख्य गोष्ट सोडून मूर्तीकडे परत परत यायला लागले, काही मिळणार नसताना पण नुसतं बघायला. ज्या 38 जागा काढल्या त्यांचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं, पण त्यातल्या बऱ्याच जागा मी खेळणाऱ्याला काही दाखवायला ठेवल्याच नव्हत्या, आकडा भरायला ठेवल्या होत्या.

तर आता तुझ्या 60 कडे बघ. एक मोहर शोधायला सरासरी 4 मिनिटं धरली तर 4 तास झाले, आणि तुझा मुख्य गेमच 5 तासांचा आहे म्हणालास. हे ऑप्शनल राहत नाही मग. प्रत्येक मोहरेसमोर वहीत एक ओळ लिही, इथे खेळणाऱ्याला नवीन काय दिसेल? जिथे लिहायला काही सुचत नाही ती मोहर काढ. माझा अंदाज, 20 ते 25 उरतील. त्या गावातल्या पडक्या देवळाच्या कामाला लागू देत, पाच मोहरांना दिवा, दहाला दार, पंधराला घंटा, आणि घंटा वाजली की जंगलात कुठे पण असलास तरी ऐकू येते. तलवार ठेवायचीच असेल तर पहिल्या पाचात दे, म्हणजे वापरायला डुकरं तरी शिल्लक असतील.

शेवटच्या तीन-चार मोहरा राहिल्यावर मदत कर. तिथे माणूस शोधत नसतो, नुसता चिडत असतो. विचर 3 मध्ये ग्वेंट नावाच्या, गेममधल्याच पत्त्यांच्या खेळाचे सगळे पत्ते गोळा करायचा क्वेस्ट होता, किती आणि कुठले राहिलेत काही कळायचं नाही, मग नंतरच्या अपडेटमध्ये एक पुस्तक टाकलं जे सांगतं किती पत्ते राहिलेत. किती साधी गोष्ट आहे, पण लोकांचे किती तास वाचले असतील त्यात. तुझ्याकडे ती म्हातारी आहेच, 20 नंतर तिला बोलायला लाव, "ओढ्यापलीकडं बघितलंस काय रे?"

आणि एक काम आज रात्रीच कर. तू पाठवलेला बिल्ड, म्हणजे गेमची आत्ताची प्रत, मी दोनदा खेळलो. तिसऱ्या भागात गाव जळतं, आणि देवळामागच्या विहिरीतली मोहर त्यानंतर मिळतच नाही, विहीर बुजलेली असते. ज्याने ती आधी उचलली नाही त्याचं देऊळ कधीच पूर्ण होणार नाही आणि का ते त्याला कळणार पण नाही. ती मोहर विहिरीच्या काठावर, राखेत दिसेल अशी वर आणून ठेव.